अडकलेलं बिल सुटतं कसं: अंबडच्या एका वर्कशॉपचा अनुभव

चार लाखांचा माल, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२,००० रुपयांचं बिल. हे बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत त्यातल्या ७२,००० रुपयांचा हिशोब सरकारशी चुकता करायचा. पितळेच्या बारवर, म्हणजे कच्च्या मालाच्या सळयांवर, भरलेल्या कराचं क्रेडिट वजा होतं, उरलेलं खिशातून जातं. माल घेणाऱ्या पार्टीने पैसे दिलेत की नाही, हे कोणी विचारत नाही. बारवाला व्यापारी रोख मागतो, फार झालं तर ३० दिवस थांबतो. पगार, वीजबिल आणि टूलिंगवाला यांच्यापैकी कोणीच थांबत नाही. आणि पीओवर, म्हणजे पार्टीच्या खरेदी ऑर्डरवर, छापलेलं असतं ‘पेमेंट: ९० दिवस’.

अंबड एमआयडीसीत गरवारे पॉइंटपासून आत कुठल्याही गाळ्यात शिरा, सीएनसी मशीनच्या आवाजावरून ओरडून हीच गोष्ट सांगितली जाते. आमचं काम टर्निंग आणि मिलिंगचं. स्विचगिअर आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना पितळेचे आणि स्टीलचे पार्ट पुरवायचे, काही नाशिकमध्येच, काही सिन्नर-गोंद्याला, थोडे चाकणला. अडकलेला पैसा सोडवण्याचे दोन सरकारमान्य रस्ते आहेत: ट्रेड्स, म्हणजे बिल बँकांना विकायचा ऑनलाइन मंच, आणि समाधान पोर्टल, म्हणजे थकलेल्या पैशांची सरकारकडे तक्रार. दोन्ही आम्ही वेगवेगळ्या पार्ट्यांसाठी चालून पाहिले. पहिला रस्ता चालू गिऱ्हाइकासाठी आहे, दुसरा ज्याच्याकडून पुढची पीओ नको असं पक्कं ठरवलंय त्याच्यासाठी. हा फरक आधी नीट समजून घेतला नाही तर पैसा राहिला बाजूला, गिऱ्हाईकही जातं.

आधी कायद्याचं गणित. एमएसएमईडी कायदा, २००६, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा विकास कायदा. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघू उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. पीओवर ९० लिहिलं म्हणून ९० होत नाहीत. आणि हे दिवस मोजायचे कुठून? कंपनीचा अकाउंट्स विभाग मोजतो बिल सिस्टिमला ‘बुक’ झालं त्या तारखेपासून. कायदा मोजतो माल प्रत्यक्ष पोहोचला त्या दिवसापासून. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत आपण दूर केली त्या दिवसापासून. हरकत आलीच नाही, तर माल स्वीकारला असं धरायचं आणि तारीख पुन्हा डिलिव्हरीचीच.

म्हणजे सगळा खेळ डिलिव्हरीची तारीख आणि पुढचे १५ दिवस यांचा पुरावा आपल्याकडे आहे की नाही यावर येतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की नाशिकमधली निम्म्याहून जास्त बिलं कंपनीच्या वाईट हेतूमुळे अडकत नाहीत, ती अडकतात कंपनीच्या गेटवर.

मोठ्या कारखान्यात पैसे सुटायला तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात: पीओ, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, आणि आपलं बिल. एक आकडा इकडचा तिकडे झाला की संगणक बिल ‘पार्क’ करतो. पार्क झालेलं बिल कोणाच्याच टेबलावर नसतं. अकाउंट्सला फोन केला की उत्तर ठरलेलं: “भाऊ, तुमचं बिल पार्क आहे, स्टोअरला विचारा.” स्टोअरवाला सांगतो, क्वालिटीने होल्ड केलंय. क्वालिटीवाला म्हणतो, पीडीआयआर आलाच नाही. पीडीआयआर म्हणजे माल निघण्यापूर्वीचा तपासणी अहवाल. तो खोक्यात टाकलेला असतो आणि खोकं लाइनवर जाऊन रिकामंही झालेलं असतं. माल वापरला गेला, पार्ट बसवून पॅनल बाहेर पडलं, आणि कागदोपत्री तो लॉट अजून तपासणीत आहे.

न जुळण्याची कारणं जवळजवळ दर वेळी तीच. शेड्यूल ५,००० नगांचं, आपण बॅच संपवायची म्हणून ५,१२० पाठवले. वरचे १२० सिस्टिम घेत नाही आणि त्यांच्यापायी अख्खं बिल थांबतं. पितळ महागलं, पर्चेसवाल्या साहेबांनी फोनवर ४१.५० चा रेट ४२.१० केला, आपण ४२.१० ने बिल केलं, पण पीओची दुरुस्ती अजून सिस्टिमला चढलेलीच नाही. ड्रॉइंगची रिव्हिजन ‘सी’ ची ‘डी’ झाली आणि बिलावर जुनाच पार्ट नंबर गेला. पीओतल्या ओळी १०, २०, ३० अशा चढत जातात. ओळ २० चा माल ओळ १० वर दाखवला. एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, पीओवर वेगळा, बिलावर वेगळा. यातलं काहीही भांडणाचं कारण नाही, पण यातलं प्रत्येक पंधरवडा खातं.

यावर आम्ही बसवलेली पद्धत साधी आहे. बिलाची तिसरी प्रत, जी पुरवठादाराकडे राहते, ती टेम्पोवाल्याबरोबर जाते आणि सिक्युरिटीचा शिक्का, इनवर्ड (आवक) नंबर आणि तारीख घेऊनच परत येते. शिक्का नसेल तर टेम्पोचं भाडं सुटत नाही. त्याच संध्याकाळी त्या प्रतीचा स्कॅन आणि पीडीआयआर पर्चेस, स्टोअर आणि क्वालिटी तिघांना एकाच मेलवर जातो. सोळाव्या दिवशी दुसरा मेल: अमुक तारखेला, अमुक इनवर्ड नंबरने मिळालेल्या मालाबद्दल १५ दिवसांत आपली लेखी हरकत आलेली नाही. भाषा सरळ, दोन ओळी, धमकी नाही. हा सोळाव्या दिवसाचा मेल पुढे कामाला येतो, कारण तक्रार दाखल झाली की पार्टीला पहिली आठवण होते ती रिजेक्शनची. सहा महिन्यांपूर्वीच्या मालावर आजच्या तारखेची डेबिट नोट, म्हणजे रक्कम कापल्याचा कागद, येते.

आता उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद. ही फुकट आहे, उद्यम पोर्टलवर आधार, पॅन आणि जीएसटी नंबर घेऊन बसलं की त्याच बैठकीत होते. एजंटला पैसे देण्याचं काही कारण नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. एक, नोंदणीत मुख्य काम ‘उत्पादन’ आहे का? पूर्वी घाईत ‘ट्रेडिंग’ टाकून ठेवलेल्यांना बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी उद्यम चालतं, पण उशिरा पेमेंटचं संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. दोन, नोंदणीची तारीख. नोंदणीपूर्वी दिलेल्या मालाला हे संरक्षण मागच्या तारखेने लागू होत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात घेतली. या मुद्द्याचा फेरविचार २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. गाळा घेतला, मशीन बसलं, की पहिलं चलन फाडण्याआधी उद्यम.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघू. मध्यम उद्योग या संरक्षणात नाही. उद्यम नंबर आणि ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघू’ हा शब्द बिलावर छापून घ्यावा, आणि दर एप्रिलला प्रमाणपत्राची प्रत पार्टीच्या अकाउंट्सला मेलने पाठवावी. “आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही एमएसएमई आहात” हे वाक्य त्यानंतर ऐकू येत नाही. कंपन्यांना अशा थकलेल्या रकमांची माहिती दर सहामाहीला, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, कंपनी निबंधकांकडे एमएसएमई फॉर्म १ मध्ये द्यावी लागते. आपला मेल त्यांच्या कंपनी सेक्रेटरीपर्यंत पोहोचला तर अर्धं काम तिथेच होतं.

ट्रेड्स म्हणजे आपलं बिल बँकांसमोर लिलावाला ठेवायची जागा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तीन मंच बरीच वर्षं चालू आहेत. आधी पार्टीला विचारायचं, तुम्ही यातल्या कोणत्या मंचावर आहात. ती ज्याच्यावर असेल तिथेच आपण नोंदणी करायची. उलटं केलं तर नोंदणी नुसती पडून राहते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या प्रत्येक कंपनीला ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. २०१८ पासून ही मर्यादा ५०० कोटी होती, नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ती २५० वर आली आणि मुदत होती ३१ मार्च २०२५. नाशिकच्या मोठ्या कारखान्यांपैकी कोणी यातून सुटत असेल असं वाटत नाही.

नोंदणीला लागतं ते असं: पॅन, जीएसटी, उद्यम, भागीदारी करारपत्र किंवा कंपनीचा ठराव, सह्या करणाऱ्यांचं केवायसी, रद्द केलेला चेक, आणि मंचाबरोबरचा स्टँप पेपरवरचा करार. हे सगळं आठवड्यात होतं. खरा वेळ जातो तो आपल्याच बँकेत. सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं असलेल्या प्रत्येकाने आपली येणी बँकेकडे तारण ठेवलेली असतात. तेच बिल दुसऱ्या बँकेला विकायचं तर आपल्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. शाखेतल्या साहेबांनी ट्रेड्सचं नाव ऐकलेलं असतंच असं नाही. फाइल वरच्या ऑफिसला जाते. मागणीपत्रात दोन वाक्यं ठळक घातली की काम लवकर होतं: ट्रेड्सचे पैसे याच सीसी खात्यात जमा होतील, आणि विकलेली बिलं स्टॉक स्टेटमेंटमधून वगळली जातील.

दुसरं वाक्य नुसतं लिहायचं नाही, पाळायचं. एकच बिल ट्रेड्सवर विकलं आणि महिनाअखेरच्या येणेकऱ्यांच्या यादीतही दाखवलं, तर एकाच मालावर दोन ठिकाणी पैसे उचलले असं होतं. ऑडिटमध्ये ते सापडतं. बिल वगळल्यावर सीसीची उचल मर्यादा खाली येते, हे धरूनच चालायचं. तसंही ९० दिवसांवर गेलेली येणी बहुतेक बँका उचल मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे जुनी बिलं विकून नुकसान काही होत नाही.

बिल चढवताना बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, पीओ नंबर आणि जीआरएन भरायचं, पीडीएफ जोडायची. पार्टीकडे एक जण ते तपासतो, दुसरा मंजूर करतो. मंजूर झालं की त्याचं ‘फॅक्टरिंग युनिट’ बनतं आणि बँका बोली लावतात. आपण बोली स्वीकारली की साधारण पुढच्या किंवा त्यापुढच्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात. दर ठरतो पार्टीची पत बघून, आपली नाही. गंमत इथेच आहे: ज्या बँकेने आपल्याला सीसी ११ टक्क्यांनी दिलं, तिचीच बोली त्या मोठ्या कंपनीच्या नावावर कितीतरी खाली असते. समजा ४,७२,००० चं बिल, ६० दिवस बाकी, बोली ९ टक्के. व्याज जातं ६,९८३ रुपये. तेवढीच रक्कम सीसीतून ११ टक्क्यांनी वापरली असती तर ८,५३५. वरून मंचाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वजा होतो, त्यामुळे फार लहान बिलं एकेकटी चढवण्यात अर्थ नसतो. एका पीओची चार बिलं एकत्र करून चढवता येत असतील तर तसं करावं. व्याज कोण सोसणार, आपण की पार्टी, हे पीओच्या वाटाघाटीत ठरवून घ्यायचं. विचारलं नाही तर ते आपल्याच डोक्यावर येतं.

ट्रेड्सचा सगळ्यात मोठा फायदा व्याजाचा नाही. हा व्यवहार ‘विनापरतफेड’ असतो. ठरल्या दिवशी पार्टीच्या खात्यातून पैसे कापले जातात, आणि तिने बुडवले तर बँक तिच्या मागे लागते, आपल्याकडे परत येत नाही. बँकेच्या साध्या बिल डिस्काउंटिंगमध्ये असं नसतं.

आणि सगळ्यात मोठी खोट? कायद्याने कंपनीला नोंदणी सक्तीची केली, बिल मंजूर करणं सक्तीचं केलं नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि आपलं बिल ‘मंजुरीसाठी प्रलंबित’. पर्चेसवाले म्हणतात, आमच्या पॉलिसीत नाही. त्यांच्या ट्रेझरी विभागाला ट्रेड्स आवडत नाही, कारण ठरल्या दिवशी पैसे आपोआप कापले जातात आणि मग ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणायची सोय उरत नाही. एकट्या पुरवठादाराने मागून हे हलत नाही. निमा किंवा आयमा या उद्योजक संघटनांच्या बैठकीत त्याच कंपनीचे सात-आठ पुरवठादार एकत्र बोलले की पॉलिसी बदलते. निदान थोड्या पुरवठादारांपुरती तरी चालू होते.

मार्चमध्ये मात्र हवा फिरते. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म-लघू पुरवठादाराचे पैसे ४५ किंवा १५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही. ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, तरतूद तीच आहे. यातली कळीची तारीख १४ फेब्रुवारी. लेखी कराराने मिळणारे ४५ दिवस धरले, तर १४ फेब्रुवारीपर्यंत पोहोचलेल्या मालाची मुदत ३१ मार्चला किंवा त्याआधी संपते. २० फेब्रुवारीला पोहोचलेल्या मालाची मुदत ६ एप्रिलला संपते, तोवर दिले तरी चालतं. म्हणून आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक पार्टीला यादी पाठवतो: बिल नंबर, इनवर्ड तारीख, ४५ वा दिवस. चार लाखांचा खर्च वर्षभर पुढे ढकलला गेला तर २५.१७ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला त्या वर्षी साधारण एक लाखाचा कर जास्त बसतो. हे गणित त्यांच्या सीएला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

त्यावर काढलेल्या युक्त्याही कळल्या पाहिजेत. “बिल एप्रिलच्या तारखेचं द्या” ही पहिली. माल मार्चमध्ये गेटच्या आत, ई-वे बिल मार्चचं, आणि बिल एप्रिलचं केलं तर जीएसटीत अडकणार आपण. “मार्चअखेर माल परत दाखवतो, एप्रिलमध्ये पुन्हा घेऊ” ही दुसरी. यात क्रेडिट नोट, परत वाहतूक आणि कागदांची भानगड सगळी आपल्या गळ्यात. “उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर कमी होईल” ही तिसरी, आणि हे लेखी कोणी देत नाही. पहिल्या दोन्हींना सरळ नाही म्हणावं. तिसरीचं उत्तर ज्याने त्याने आपल्या ऑर्डरबुककडे बघून द्यावं, पण ज्याच्या एकाच पार्टीवर सत्तर टक्के धंदा आहे त्याला ते उत्तर देणं कठीण जातं, हे खरं.

आता समाधान पोर्टल. हे ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालं. अर्ज करायच्या आधी एक मागणीपत्र स्पीड पोस्टाने आणि मेलने पाठवायचं: बिलांची यादी, मुद्दल, आणि कलम १६ प्रमाणे व्याज. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. रेपो रेट नाही, बँक रेट. तक्ते करताना बहुतेक जण इथे घसरतात. २०२५ मध्ये हा दर चार वेळा बदलला: ७ फेब्रुवारीला ६.५०, ९ एप्रिलला ६.२५, ६ जूनला ५.७५ आणि ५ डिसेंबरला ५.५० टक्के. तक्त्यात त्या त्या तारखेला ओळ तोडायची आणि पुढच्या दिवसांना नवा दर लावायचा. ५.५० च्या तिप्पट १६.५ टक्के, ४,७२,००० वर आठ महिन्यांचं व्याज साधारण ५४,५०० रुपये होतं. आणि हे व्याज देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आमचा अनुभव असा की मागणीपत्रातला हा तक्ता बघून काही पार्ट्या मुद्दल देऊन मोकळ्या होतात. मग व्याज सोडायचं की नाही हा धंद्याचा निर्णय, कायद्याचा नाही. पण ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहून सही मागितली तर ती मुद्दल खात्यात आल्यावरच द्यावी.

पोर्टलवर उद्यम नंबर टाकला की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल नंबर बदललेला असेल तर आधी उद्यममध्ये दुरुस्ती. मग पार्टीचं नाव, पत्ता, चालू ई-मेल, पीओ, बिलं, रकमा. प्रत्येक पार्टीसाठी अर्ज वेगळा. ई-मेल चुकीचा घातला तर सूचना पोहोचत नाही आणि महिनाभर काहीच घडत नाही, म्हणून पर्चेसवाल्याचा नको, कंपनी निबंधकांच्या नोंदीतला घालायचा. अर्ज आपल्या विभागाच्या परिषदेकडे, म्हणजे सूक्ष्म-लघू उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातो. इथे कायद्याने लहान उद्योगाची मोठी सोय केली आहे: पार्टी चाकणची असो वा गुरुग्रामची, परिषद पुरवठादाराच्या ठिकाणची. त्यांनी नाशिकला यायचं. पीओवर ‘न्यायक्षेत्र: दिल्ली’ किंवा लवादाची अट छापलेली असली तरी या कायद्यापुढे ती टिकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

परिषद कागदांचे संच मागते, आणि इथे ती शिक्क्याची तिसरी प्रत सोन्याची ठरते. संचात उद्यम प्रमाणपत्र, पीओ आणि तिच्या सगळ्या दुरुस्त्या, बिलं, इनवर्ड शिक्के, सोळाव्या दिवसाचे मेल, दोन्ही बाजूंचं लेजर, व्याजाचा तक्ता आणि प्रतिज्ञापत्र ठेवावं. पानांना नंबर आणि वर अनुक्रमणिका. पार्टीने आपल्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तोही मुद्दा मांडायचा: क्रेडिट घेताना माल बरोबर होता आणि पैसे द्यायची वेळ आली की रिजेक्ट? तसंही बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, हे त्यांच्या जीएसटी सल्लागाराला ठाऊक असतं.

आधी सलोख्याचा प्रयत्न होतो. पार्टीचा वकील तारीख मागतो, मग डेबिट नोटा काढतो, मग हप्ते सुचवतो. हप्ते घ्यायचे तर पुढच्या तारखांचे चेक किंवा लेखी तडजोड परिषदेसमोर नोंदवून. तोंडी हप्ता दुसऱ्याच महिन्यात तुटतो. सलोखा फसला की लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल लावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही, प्रकरणं साचलेली असतात, आणि मधला काळ आपल्याला सीसीवरच काढावा लागतो. म्हणूनच म्हटलं, चालू गिऱ्हाइकासाठी हा रस्ता नाही. निकाल आपल्या बाजूने लागला तर मात्र पकड घट्ट आहे: त्याला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल तर पार्टीला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

दोन गोष्टींनी हे सगळं जागच्या जागी थांबू शकतं. एक, मुदत. तीन वर्षांपेक्षा जुन्या येण्याला लवादात अडचण येते, म्हणून दर ३१ मार्चला पार्टीच्या सही-शिक्क्याचं बाकी रकमेचं कन्फर्मेशन घ्यायचं. मुदत संपायच्या आत मिळालेल्या अशा लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते. दुसरी, पार्टीची दिवाळखोरी. तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की परिषदेतलं प्रकरण थांबतं आणि आपल्याला फॉर्म बी भरून ९० दिवसांत दावा लावावा लागतो. आपण स्वतः तिला तिथे ओढावं म्हटलं तर किमान थकबाकी १ कोटी हवी, म्हणजे अंबडच्या गाळ्यातल्या बहुतेकांना तो दरवाजा बंदच. पार्टीचं नाव बाजारात हलायला लागलं, बारवाल्याने तिच्याकडचा माल रोखीवर आणला, की आपण उधारी थांबवायची आणि मागणीपत्र त्याच आठवड्यात पाठवायचं.

पैसे आले की एक काम बहुतेक जण विसरतात. उशिराच्या पेमेंटवर मिळालेलं व्याज जीएसटीच्या हिशोबात मूळ मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं, म्हणून त्यावरही तोच १८ टक्के कर लागतो, व्याज हातात आलं त्या महिन्यात. तडजोड करताना ‘व्याज अधिक जीएसटी’ असं लिहून घ्यायचं आणि त्या रकमेची डेबिट नोट काढायची. नुसतं ‘व्याज ५४,५००’ लिहिलं तर त्यातले साधारण ८,३०० रुपये आपल्याच खिशातून जातात. पार्टीने व्याजावर टीडीएस कापला असेल तर तो आयकर खात्याच्या आपल्या नोंदीत दिसतोय का हे बघून मगच समाधान पोर्टलवरचा अर्ज मागे घ्यायचा.